येतो म्हणून गेलेला जॉबर

आई म्हणली, जाते म्हणू नगं. येते म्हण.

सकाळची येळ होती. मोहोळच्या घराच्या दारात मी उबी, कडंवर सात महिन्याची स्वरा, तळहातावर आईनं दिलेलं दही अजून जिभंवर आंबट, आन दारापुढं जीप हारनवर हारन देत होती. गडबडीत माज्या तोंडातनं निगालं, आई, जाते गं. तर तिनं दंड धरून मला उंबऱ्याच्या आत वढलं आन म्हणली, आदी नीट बोल, मग पाय भाईर टाक. मग मी म्हणलं, येते. ती म्हणली, ये. आमच्यात जानाऱ्याला कुनी जा म्हणत न्हाय, ये म्हणत्यात. जा म्हणजे परत तोंड दावू नगंस.

हे मी त्या मानसांसाठी लिवतीय जी माज्याबरबर तितं होती, आन त्या बायांसाठी बी ज्या आता नवऱ्याच्या मागं लेकरं घिऊन परदेशाला निगाल्यात. माजं शिक्षान नववी नापास, त्येच्यामुळं जसं तोंडात येतंय तसं लिवतीय. त्या देशाचं नाव लिवनार न्हाय. आमचं एक मानूस अजून तितं आडकलंय, त्येला माज्या लिवन्याचा तरास नगं.

जीप दिगूभाऊची. दिगूभाऊ जॉबर. म्हंजे मागावर काय बिघाड झाला की नीट करनारा, आन मागवाल्यांवर ध्यान ठेवनारा. माजे मालक, म्हंजे माजा नवरा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर हुते, तितं ह्यो त्यांचा जॉबर. मोहोळकडचाच, मला वहिनी म्हणायचा, स्वराच्या बारशाला येऊन पोटभर जेवून गेलेला. परदेशात टॉवेलचा नवा कारखाना निगाला, तितं सोलापूरची मानसं न्यायचं काम त्याच्याकडं आलं. हायवेला लागायच्या आदीच त्यानं म्होरच्या सीटवरनं मागं हात केला, म्हणला, पासपोर्ट द्या हिकडं वहिनी, तुमच्या पिशवीत लंगोटाखाली भिजून जातील. आमी हसलो. आन तिगांचे बी देऊन टाकले. बायांनो, हितंच माजं चुकलं, म्हणून हे पैलं लिवलं.

तितं गेल्यावर मला वाटलं हुतं समदं येगळं आसंल. पण कारखान्याच्या आवारातच खोल्या, आन मागांचा तोच खडखडाट. डोळं मिटलं की सोलापूर. स्वरा त्या आवाजात गाड झोपायची आन माग बंद पडले की दचकून उटायची. आमी समदी मिळून नऊ जन. शेजारच्या खोलीत अक्कलकोटकडचा मल्लूअण्णा. घरात कानडी, भाईर मराठी, मला अक्का म्हणायचा, आन रोज भाकरी थापताना दारात येऊन म्हणायचा, अक्का, आवाजावरनंच कळतंय की आज जाड झाली. त्येची बायको शिवम्मा सासूपाशी गावाकडंच ऱ्हायली हुती. फोन ठेवताना तो तिला म्हणायचा, होगी बरतीनी. मी इचारलं ह्याचा अर्थ काय, तर म्हणला, जाऊन येतो. मला लई बरं वाटलं. त्यांच्यात बी तसंच.

गेटवर एक बाई केळी इकायची. तितं बाईमानसाला मान देऊन मामा म्हणत्यात. मला लई हसू यायचं, लुगडं नेसलं न्हाई पर आंगानं भरलेली बाई, आन तिला मामा म्हणायचं. ती मला मामा स्वरा म्हणायची, स्वराची आई म्हणून. तिला माजी भाषा येत नव्हती, मला तिची येत नव्हती, तरी रोज आर्दा तास बोलायचो.

पाचव्या म्हैन्यात तितली निवडणूक झाली आन निकाल लागल्यावर गावात जाळपोळ सुरू झाली. टायरं जळायची, काळा धूर आमच्या धुतलेल्या टॉवेलांवर बसायचा. गोळीचा आवाज मी पैल्यांदा ऐकला तवा मला वाटलं कुनाच्या तरी लग्नाचं फटाकडं. मल्लूअण्णानं मला आत ढकललं तवा कळलं.

आपल्या एम्बसीचा मेसेज मालकांच्या फोनवर आला. आर्दा हिंदीत, आर्दा इंग्रजीत. मी अक्षर अक्षर लावून वाचला. भाईर पडू नका. खिडकीपासनं लांब ऱ्हावा. पानी भरून ठेवा, चार दिवसाचं खायला ठेवा. फोन चारज ठेवा. गर्दीचं फोटू काडू नका. कागदं आन एक ल्हान बॅग दारापाशी ठेवा, पासपोर्ट आपल्या हाताशी ठेवा. फारम भरून नाव नोंदवा. आन वर मोठ्या अक्षरात, शेल्टर इन प्लेस. शेल्टर म्हंजे आसरा एवडं मला म्हाईत हुतं. मला वाटलं प्लेस म्हणून कुटलं तरी ठिकान हाय, तितं आसरा देत्यात. मी बॅग भरली, स्वराला टोपडं घातलं आन मालकांना म्हणलं, चला प्लेसला. मल्लूअण्णा पोट धरून खाली बसला. म्हणला, अक्का, प्लेस म्हंजे हीच खोली. जितं हाय तितंच मरा म्हणत्यात. आमी समदीच हसलो, त्या दिवसात तेवडंच हसलो.

मालकांनी कारखान्याच्या हापिसातनं छापून आनलेल्या फारममदी पासपोर्टचा नंबर पायजे हुता. आमाला नंबर कुटं म्हाईत, पासपोर्ट दिगूभाऊच्या टेबलाच्या खनात. आमी नवू जनांनी सह्या करून, स्वराची मी करून, नंबराची जागा मोकळी ठेवून, फारम त्याच्या हातात दिले. दोन दिवसांनी मी इचारलं, भाऊजी, नावं गेली का? तो म्हणला, वहिनी, समद्यांची नावं टाकलीत मी. तुमी फकस्त मालकांना मागावर धाडा, आडर थांबलीय. भाईर मानसं मरत हुती आन ह्याचं टॉवेल थांबलं हुतं.

मग एक दिवस सकाळी आटला जीप गेटपाशी आली. मागं त्याची बायको, दोन्ही पोरी, चार बॅगा. तो खाली उतरला, शर्टाची भायी सरळ केली. म्हणला, आपल्या मानसांना न्यायच्या बसगाड्यांचं जमतंय, तयार ऱ्हावा. आन जीपमदी बसताना म्हणला, येतो, वहिनी.

मी म्हणलं, या.

बगा, हा शब्द. आमाला वाटलं बायकोपोरींना सोडून तो आमाला न्यायला येतोय. आमी गेटच्या आत भिताडाच्या सावलीत बसलो. स्वराचं दूध तापवून बाटलीत भरलं, ते थंड झालं, परत तापवलं, परत थंड झालं. मालक दर घटकेला म्हणायचे, येतो म्हणलाय न्हवं. धा वाजले, बारा वाजले. दिगूभाऊचा फोन बंद. दोन वाजता मल्लूअण्णा उटला. म्हणला, रस्त्यात गाडी आडकली आसंल, मी चौकापतुर बगून येतो. मी म्हणलं, अण्णा, भाईर पडू नका लिवलंय. तो म्हणला, चौकापतुर म्हंजे भाईर व्हय? आन हसत गेटातनं निगाला, मागं वळून माज्याकडं बगून म्हणला, होगी बरतीनी अक्का.

तो आला न्हाय. चौकात संचारबंदी लागली हुती, पोलीस दिसंल त्याला धरत हुते. त्यालाबी धरला. कागद न्हाय, भाषा न्हाय.

चार वाजता केळीवाली मामा आली. रिकामी टोपली. तिनं हातानं बसगाडीचं चाक फिरवून दावलं, मग हात हालवून दावला, टाटा करत्यात तसा. आदी मला कळंना. तिनं परत दावलं. गावातल्या शाळेपासनं आपल्या मानसांच्या गाड्या दुपारीच सुटल्या हुत्या, तिनं डोळ्यानं बगितल्या हुत्या. दिगूभाऊ, बायको आन पोरी त्यात बसून गेल्या हुत्या.

मालकांनी मागाची लोखंडी दांडी आनली आन ते खन फोडलं. आत आमचे पासपोर्ट, रबरात गुंडाळलेले. आन खाली आमचे नवू फारम. जसे दिले तसे, घडीसुदा मोडली न्हवती. मालक मटकन खुर्चीवर बसले. मी रडले न्हाय. माज्या आंगात काय तरी गार गार चडत गेलं, ते आजपतुर उतरलं न्हाय.

मेसेजमदी नंबर हुता. मी फोन लावला, दोनी हातात पासपोर्ट हुते म्हणून मालकांनी फोन माज्या कानाला धरला. तिकडचा साहेब हिंदीत म्हणला, आपका नाम सूची में नहीं है. मी म्हणलं, साहेब, आता लिवा. मी एकेक अक्षर सांगत गेले, पासपोर्ट बगून नंबर सांगत गेले, मल्लूअण्णाचं बी सांगितलं. तो मानूस चांगला हुता, त्यानं न वैतागता लिवलं, दोनदा वाचून दावलं. म्हणला, परवा सकाळी, वही स्कूल, दस बजे. मी म्हणलं, साहेब, तुमी स्वता लिवलंय ना? तो म्हणला, हाँ बहन, मैंने खुद लिखा है. तवापासनं मी कुनावरबी आसाच इस्वास टाकते, इचारून इचारून.

दोन दिवस खिडकीला गादी लावून बसलो. स्वराला दात येत हुते. ती रडली तर आवाज भाईर जाईल म्हणून मी आपल्या सोलापुरी चादरीचा गोंडा तिच्या तोंडात द्यायची, ती चावत बसायची. ती चादर अजून हाय. एका कडंचे गोंडे न्हाईत.

परवाच्या दिवशी, मी खुनांनी सांगितल्यापरमानं, मामा आमाला न्यायला आली. ती म्होरं, डोसक्यावर केळी, मागं आमी आट जन. चौकात जळक्या टायरांपाशी काट्या घिऊन तरनी मानसं उबी हुती. मामा त्यांना काय तरी म्हणली, मला फकस्त 'मामा स्वरा' एवडंच कळलं. एकानं चादर बाजूला करून लेकराचं तोंड बगितलं आन वाट सोडली. शाळेच्या दारात साहेबाच्या हातातल्या कागदावर आमची नावं हुती. नवू. आट जन चडलो. साहेबानं नवव्या नावाम्होरं पेन धरला, आमच्याकडं बगितलं, आन काय न लिवता पेन उचलला.

मामाचा हात धरून मी म्हणलं, येते. तिला काय कळनार. पर माज्या तोंडातनं तेच निगालं. तिचं नाव बी मला म्हाईत न्हाय, घर बी म्हाईत न्हाय. एक येते माज्याकडनं बी खोटी पडलीय, ते मी लपवत न्हाय.

आता आमी सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या बाजूला एक खोली. मालक परत मागावर. मी घरी चादरींचे गोंडे वळते. तितं असताना मी म्हणायची, हितलं एक शेंगाचटनीचं भांडं आन आईची भाकरी एवडंच पायजे. आता ते समदं हाय, आन तरी दारापाशी बॅग भरलेली आसती. पासपोर्ट, स्वराचा दाखला, बिस्कुटाचा पुडा, चारजर. शेजारच्या बाया हसत्यात. म्हणत्यात, हितं कुटली दंगल येतीय गं. वरात निगाली आन फटाकडं वाजलं की मी स्वराला घिऊन कॉटखाली. ती आता अडीच वरसाची, तिला वाटतं आई खेळतीय.

पर भ्यालेल्या मानसाला बी दात आसत्यात.

नव्या पेठेत कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला, दिगूभाऊनं हापीस टाकल्याचं मला शिवम्मानं सांगितलं, ती मल्लूअण्णाच्या कागदांपायी आता आमच्या शेजारीच ऱ्हाती. फॉरेन नोकरी, लूम कामगार पायजेत, असा बोर्ड. येगळा देश, तोच मानूस. मी स्वराला घिऊन रिक्षानं गेले. जिना चडून वर गेले. तो खुर्चीत, टेबलावर पासपोर्टांचा गठ्ठा, रबर लावलेला. मला बगून उटला सुदा. म्हणला, या वहिनी, पोरगी मोटी झाली की.

मी म्हणलं, भाऊजी, तुमी येतो म्हणून गेला हुता.

तो काय म्हणला ऐका. म्हणला, वहिनी, येतो म्हणलो म्हंजे निगतो म्हणलो. आपल्यात तसंच म्हणत्यात की. मी परत येईन असं कुटं म्हणलो?

आईनं माजा दंड धरून शिकवलेला शब्द, त्यो ह्या मानसानं असा वापरला. मी म्हणलं, बरं. मल्लूअण्णाचं काय? एम्बसीवाले कागद मागत्यात, ह्यो तुमचा कामगार हुता, तुमाला हुडकायला भाईर पडला हुता, एवडं तुमी लिवून सही करून द्या. तो सुटंल. दिगूभाऊनं फॅनकडं बगितलं. म्हणला, असलं लिवलं तर माजा धंदा बंद हुईल वहिनी. त्याला कुनी सांगितलं हुतं भाईर जायला?

त्या दिवसापासनं मी त्याच्या जिन्यावर बसते. सकाळी धा ते दोन. बरबर शिवम्मा. तिला मराठी धड येत न्हाय, मला कानडी येत न्हाय, पर ती मल्लूअण्णाचा फोटू मांडीवर घेती आन मी गोंडे वळते. स्वरा पायऱ्या मोजती, तिला पाचपतुर येतं. पासपोर्ट घिऊन कुनी वर चडाया लागलं की मी एकच इचारते, दादा, पासपोर्ट कुनाच्या हातात ऱ्हानार? तो म्हणतो, सायबांकडं. मग मी त्याला खाली बसवते आन हे समदं सांगते जे तुमाला सांगितलं. एम्बसीत नाव कसं स्वता घालायचं ते सांगते, पासपोर्टाचा फोटू आईबापाच्या फोनवर टाकून ठेव म्हणते, नंबर पाठ कर म्हणते. माजा मला आता झोपंत बी येतो. मी करतो म्हणनाऱ्याला म्हण, माज्या डोळ्यादेखत कर. बरीच जन तितनंच माघारी वळत्यात. एकजन वर जाऊन दिलेला पासपोर्ट मागून घिऊन आला आन जाताना स्वराला चिक्की दिऊन गेला.

दिगूभाऊनं आदी गोड बोलून बगितलं. मालकांना हितंच जॉबर करतो म्हणला. मी म्हणलं, कागदावर सही करा. मग त्यानं पोलीस आनला. हवालदार दोन पायऱ्या चडून धापा टाकत उबा ऱ्हायला, शिवम्माच्या मांडीवरचा फोटू बगितला, माजं ऐकलं, आन वर तोंड करून म्हणला, ओ साहेब, बाया बसल्यात, काय बॉम टाकला न्हाय. आन मला हळूच म्हणला, माजा भाचा बी इचारतुया ह्या हापिसाचं. मी म्हणलं, आना त्याला उद्या, बसवते.

खोटं कशाला बोलू. माफ कर म्हणनारी मानसं लई भेटत्यात. देवाचं नाव घेत्यात, सोडून दे म्हणत्यात, तुजं लेकरू तर सुकरूप आलं की म्हणत्यात. मला सोडायचं न्हाय. त्याला झोपताना माजं तोंड दिसावं असं मला वाटतं. त्यानं गेटपाशी बसावं, दूध तापवावं, ते थंड व्हावं. त्यानं वाट बगावी. एवडंच. मी लई भित्री हाय, जिना चडताना रोज तो मानसं धाडील, रिक्षा अंगावर घालील, समदं डोक्यात येतं. तरी जाते. भ्यात भ्यात सूड घेता येतो, हे मला त्या जिन्यावर कळलं.

मागल्या आठवड्यात तीन दिवस एक बी मानूस वर चडला न्हाय. चौथ्या दिवशी दिगूभाऊनं बोर्ड उतरवला. दुपारी हातात बॅग घिऊन जिना उतरत आला. आमी सरकलो न्हाय, त्याला भिताडाला घासून उतरावं लागलं. खालच्या पायरीवर थांबला. मी गोंडे वळायचं थांबवून कागद म्होरं केला, पेन बी. बगून न बगितल्यासारकं करून तो भाईर पडला, गाडीला किल्ली लावली. आन सवयच ती, तोंडातनं गेलंच त्याच्या, येतो, वहिनी.

मी उटून उबी ऱ्हायले. माज्या आयुष्यात मी उंबऱ्यातनं जानाऱ्या कुनाला, वैऱ्यालासुदा, हे म्हणलं न्हवतं. आईनं ऐकलं असतं तर माजं तोंड दाबलं असतं.

मी म्हणलं, जा.

शिवम्माला शब्द कळला. तीबी उटली आन तिच्या भाषेत म्हणली, होग. त्याची किल्ली फिरली न्हाय दोनदा. मग गेला.

मला वाटलं आता माज्या आंगातलं गार उतरंल. उतरलं न्हाय. कागदावर सही झाली न्हाय. मल्लूअण्णाचं होगी बरतीनी अजून तितल्या कुटल्या तरी कोटडीत आडकलंय, आन शिवम्मा रोज दोन भाकरी जास्त टाकती आन सांजच्याला मला आनून देती.

काल कळलं, दिगूभाऊ मोहोळात हापीस टाकतोय, येष्टी स्टँडाच्या मागं. सोलापूरच्या बायांनी ताप दिला म्हणं, ल्हान गावात कोन इचारतंय. त्याला एवडंबी ध्यानात ऱ्हायलं न्हाय की त्यानं मला जीपमदी कुठनं घेतलं हुतं. दही दिलेलं ते दार त्या स्टँडापासनं चालत पाच मिंटावर हाय.

पैलं मला वाटायचं घर म्हंजे जितं भ्याव लागत न्हाय ते. आता तसं कुटलंच ठिकान माज्यासाठी ऱ्हायलं न्हाय, मोहोळात बी फटाकडं वाजलं तर मी कॉटखालीच जानार. पर तितं एक बाई हाय जी शब्द खोटा बोलू देत न्हाय. माज्यासाठी आता तेवडंच घर.

मी आईला फोन लावला. समदं सांगितलं. तिनं समदं ऐकून घेतलं. मग म्हणली, त्या मेल्याच्या हापिसाला जिना हाय का वटा हाय? मी म्हणलं, म्हाईत न्हाय. ती म्हणली, वटा आसंल तर चांगलं, माजं गुडगं दुकत्यात. शिवम्माला बी आन.

दारापाशी बॅग भरलेलीच हुती. मी म्हणलं, आई, येते.

ती म्हणली, ये.